अमावस्येच्या आधी निघालेली पेटी

ये गं, अशी जवळ सरकून बस. बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवतेस, सामानाचा विमा उतरवला म्हणून मिरवून राहिलीस, आणि यादी कुणी केली विचारलं तर म्हणतेस एजंटानं! बाई गं, तुझ्या घरात काय आहे ते एजंटाला काय ठाऊक? ऐक आता. तुझ्या निमित्तानं चार लोकांसाठी लिहूनही ठेवते. नावं मात्र कुणाचीच घेणार न्हाई.

एका हिरव्या पेटीचं प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी शहरातल्या ठाण्यात जमादार होते. सकाळची हजेरी आटोपून डायरी उघडली, तोच एक गुरुजी समोर येऊन बसले. शिरड शहापूरहून बदली होऊन आदल्याच दिवशी बिऱ्हाड घेऊन आलेले.

“मॅडम, माझी पेटी गेली. पण विमा आहे. मला फक्त पोलिसांचा कागद पाहिजे.”

दोन तासांच्या वाटेला विमा! हवालदार हसायलाच लागला. पण गुरुजी टापटिपीचे. सामान निघाल्यापासून पोचेपर्यंत काही फुटलं, हरवलं तर भरपाई मिळावी म्हणून त्यांनी आठ दिवस आधीच यादी केली होती. एकतीस नग, प्रत्येकावर खडूनं नंबर. एक नंबरला हिरवी लोखंडी पेटी, आत बायकोच्या दोन पैठण्या आणि चांदीची समई. खाली टेम्पोवाल्याचा अंगठा, ‘एकतीस नग मिळाले’. हिंगोलीत उतरले तीस.

गुरुजींना नुसता कागद हवा होता. पण ठाण्यातला कागद कुणाच्या तरी अंगावर पडतोच. दुपारपर्यंत टेम्पो आमच्या आवारात आणि टेम्पोवाला बाकड्यावर. त्यात आमच्या एका खबऱ्यानं खबर दिली, की टेम्पो वाटेत औंढ्याला अर्धा तास उभा होता.

साहेबांनी विचारलं, “राहतो कुठं?”

“तांड्यावर, साहेब,” हवालदार म्हणाला.

“झालं तर मग. सहापर्यंत पेटी न्हाई निघाली तर गुन्हा दाखल करा अन् अटक दाखवा.”

बंजाऱ्यांचा तांडा म्हटला की आमच्या खात्याचं बोट आपोआप तिकडं वळायचं. मीही तेव्हा गप्पच बसले, हे खरं ते लिहिते. चौकशी माझ्याकडं आली.

“औंढ्याला काहून थांबला होता?”

“टायरात हवा भरली, च्या पेलो. बाई, दुसऱ्याच्या गाड्या हाकून अर्धं आयुष्य गेलं, आत्ता कुठं सोताचा टेम्पो झाला. ठाण्यात बसला व्हता म्हणलं की उद्यापासून कोन मला आपलं घर भरू देईल?”

“मग एकतीस नगांवर अंगठा कसा दिला? मोजले न्हाई?”

“गुरुजी शिकेल मानूस. त्यानं मोजलं असंल म्हनलं.”

खोटं बोलणारा माणूस उत्तर तयार ठेवतो. ह्याला स्वतःच्याच उत्तराची लाज वाटत होती. मला पटलं, पण मला पटून काय होतं? साहेबांना पेटी पाहिजे होती.

तीन वाजता गुरुजींच्या घरी गेले. उतरलेलं सामान मोजलं, खरंच तीस. विमा कंपनीचा माणूसही सकाळीच आलेला होता. तो दारात उभा राहून बजावत होता, “यादीत एक जरी गोष्ट खोटी निघाली ना गुरुजी, तर तुमच्यावरच केस होते बरं का!” आत गुरुजींची आई लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. मी ते पाहिलं. तशीच आत गेले, टोपी काढून ठेवली अन् तिच्याजवळ बसून लसूण सोलायला लागले.

भिंतीवर नव्यानंच कॅलेंडर टांगलं होतं. सहज नजर गेली तर काल अमावस्या! आणि ही आजी कशी, तर नव्या घरात पाय ठेवल्याबरोबर उंबऱ्याला हळदकुंकू लावणारी.

“आजी, अमुशेच्या दिवशी बिऱ्हाड हलवायला तुमी राजी कशा झाल्या?”

“अमुशेला कोन निगालं? आमी तर बुधवारीच निगालो व्हतो.”

“अन् काल कोण आलं मग?”

आजीनं लसूण खाली ठेवला. हळूच म्हणाली, “पर्स्थान ठिवलं व्हतं ना, लेकी.”

आता तुम्हा पोरींना हे ठाऊक नसेल. चांगला मुहूर्त आधी असला आणि निघायचा दिवस वाईट असला, तर मुहूर्तावर आपली एखादी वस्तू गावाबाहेर कुणाकडं नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं आणि जाताना वाटेत ती वस्तू उचलायची. ह्याला म्हणतात प्रस्थान ठेवणं. लोक सुपारी ठेवतात, कपडे ठेवतात. आजीनं घरातली लक्ष्मीच आधी निघावी म्हणून पेटी ठेवली होती, औंढ्याच्या रस्त्यावर मैत्रिणीच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी. गुरुजींना असल्या गोष्टींचा राग, म्हणून गुपचूप, ते शाळेत असताना मैत्रिणीच्या बैलगाडीतून.

“मग वाटेत उचलली काहून न्हाई?”

“टेम्पोच्या मागं आमी जीपमधी व्हतो, गार वारा लागला अन् डोळाच लागला माय! जागी झाले तं हिंगोली.”

“अन् सकाळपासून बोलल्या न्हाई त्या?”

“त्यो दारातला मानूस म्हनून राहिला, यादी खोटी तं केस. माज्या लेकाला बेड्या घालतेन म्हनून जीभच उचलंना.”

“आजी, तिकडं दुसऱ्या कुणाचा लेक बसलाय बाकड्यावर.”

आजी उठलीच. मी म्हटलं होतं रडेल, पण ती चप्पल शोधायला लागली. “चल लौकर. आदी त्याला सोडव, मग मला घाल आत.”

ठाण्याची जीप काढली, आखाडा गाठला. मैत्रीण भुईमूग निवडत बसलेली, पेटीवर तिचं मांजर झोपलेलं. आम्हाला पाहून म्हणाली, “आली का! म्या म्हनलं लक्ष्मीला इसरली जनू.” दोन पंच बोलावून पंचनामा केला, कुलूप शाबूत, पैठण्या अन् समई जशाच्या तशा. सहाला दहा कमी असताना पेटी साहेबांच्या टेबलावर.

गुरुजींबरोबर विमावालाही ठाण्यात आला होता. तो म्हणाला, “आजी, ही पेटी तर प्रवासाला निघालीच न्हाई.”

“निगाली न्हाई कशी? समद्याच्या आदी निगाली व्हती!”

साहेबसुद्धा हसले. गुरुजींनी दाव्याचा अर्ज परत घेतला. टेम्पोवाल्यापुढं मान खाली घालून उभे राहिले. तो म्हणाला, “जाऊ द्या गुरुजी. म्या बी न मोजता अंगठा लावला.” आजी मात्र तेवढ्यावर ऐकेना. बाजाराच्या दिवशी लेकाला घेऊन त्याच टेम्पोत पुढं बसली आणि तांड्यावर जाऊन सगळ्यांदेखत सांगून आली, चूक माझी होती. डोळा लागल्याचंसुद्धा सांगितलं म्हणे. तांड्यानं जेवू घालूनच परत पाठवलं.

त्या दिवसानंतर चोरीची तक्रार आली की मी आधी विचारायचे, घरात वय झालेलं माणूस कोण आहे, आणि त्याला कुणी काही विचारलंय का? पुष्कळदा नसायचंच विचारलेलं. पण त्या दिवशी ते विचारायच्या आत एका माणसाला बाकड्यावर बसवलं होतं आम्ही. पेटी सापडली म्हणून ते पुसलं जात नाही, बाई.

तर तू पोच सुखरूप, चूल मांड. आणि पहिली सुट्टी लागली की इकडं ये. माझं वय झालंय, विचारायला कुणीतरी लागतं ना!