केतकी मॅडमची वाकडी ओळ

मेसच्या मोठ्या पातेल्याला खरवड धरते, तसे कॉलेजातले किस्से धरत जातात. वर भात वाढून संपतो, पोरं जेवून उठतात आणि तळाशी हे उरतंच. उलथन्यानं खरवडलं की निघतं. चव मात्र त्यालाच!

मी कॉलेजच्या हॉस्टेलची मेस चालवते. सगळे मला आक्का म्हणतात, प्राचार्यसुद्धा. शाळेची पायरी मी चढले नाही. अक्षरं शिकले ती किराणा दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून, एकटीनं. आज पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते आणि त्यात चूक दिसली की प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन आपटते. त्यामुळे पुण्याहून केतकी मॅडम आल्या, तेव्हा मी काही भारावून गेले नाही. पोरं मधेच कॉलेज सोडू नयेत, म्हणून आम्हा स्टाफला शिकवायला संस्थेनं त्यांना पाठवलेलं. आम्हाला! शिकवायला!

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी खुर्च्यांचा गोल केला. मास्तर, क्लार्क, शिपाई, मी, सगळे एका रांगेत, म्हणजे गोलात.

"विद्यार्थी यशस्वी व्हावेत म्हणून आपण प्रत्येकजण काय करू शकतो?"

सगळे छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पोटभर जेवू घालू शकतो. बाकीचं तुमचं तुमी बघा."

हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. आता सांगा, अशा बाईवर चिडायचं तरी कसं? तरी मी चिडलेच. जमवलं!

*

मग नियम निघाला, मास्तरांनी पोरांना नावानं हाक मारायची. आमचे शेख सर अकाउंट्स शिकवतात. जुन्नरला त्यांच्या घरचं कापडाचं दुकान आहे. माणूस सोन्यासारखा, पण पोरांना गावानं हाका मारणार. "ए येडगाव, उभा रहा! पेठवाले, गप बसा!"

बिचाऱ्यांनी नावं पाठ केली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन गोड आवाजात म्हणाले, "हिरा, बेटा, कशी आहेस?"

हिरा उभी राहिली आणि ढसाढसा रडायला लागली.

"अगं, काय झालं?"

"सर, मी काय न्हाई केलं! नाव कशापायी घेतलं माझं?"

*

ही हिरा तळेघरची. तिथून येणारी एसटी कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं, म्हणून हॉस्टेलला राहिलेली. पहिल्या दिवसापासून ती माझी. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली. तिच्यासारख्या आणखी दोघीचौघी संध्याकाळी लसूण सोलायला बसायच्या आणि सोलता सोलता सगळं सांगायच्या. कुणाचं घरी लग्न काढलंय, कुणाला इंग्रजी कळत नाही, कुणाला घरची आठवण येते.

मॅडमनी ऑफिसशेजारी एक खोली घेतली आणि पाटी लावली, "मनातलं बोला." झालं! माझा लसूण सालीसकट पडून राहिला.

मीही कमी नाही. स्वयंपाकघरात एक खुर्ची मांडली. मोठ्यानं म्हटलं, "कुणाला काय बोलायचं आसंल तर इथं बी बसा!"

दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी शेख सर आले. बसले. म्हणाले, "आक्का, घरात माझं कुणी ऐकत नाही हो." मग चहा झाला, दुसरा चहा झाला, सर बोलतच होते. पोरी गेल्या, मास्तर गळ्यात पडला!

पण एक आहे. लसूण चांगला सोलतात.

*

हिरा अकाउंट्समध्ये नापास झाली. ट्रंक भरायला लागली. "आक्का, मी जाते. फेरपरीक्षेला बी न्हाई बसायची. माझ्याच्यानं व्हायाचं न्हाई."

मी तिला शिव्या घातल्या, लाडू दिला, पुन्हा शिव्या घातल्या. ट्रंक काही उघडली नाही. मॅडम तिच्याशेजारी नुसत्या बसल्या, काय बोलल्या कोण जाणे, आणि ट्रंक उघडली! संध्याकाळचा तास ठरला. शिकवणार शेख सर, बसणार कुठं? माझ्याच मेसच्या टेबलावर. हिरा रोज यायची आणि बसायची ती नेमकी माझ्याकडे पाठ करून. मी रोज खुर्ची फिरवून ठेवायचे. ती रोज परत फिरवायची. "उजेड तिकडून येतोय, आक्का!"

*

आणि फेरपरीक्षेचा पेपर आला नेमका हिराच्या घरच्या भातलावणीच्या दिवशी.

डोंगरात भातलावणी सावडीवर चालते. आज सगळ्या तुझ्या खाचरात, उद्या तू त्यांच्या. पण ज्याचं खाचर, त्या घरच्या बाईनं आधी वाकायचं. ती नसेल तर बाकीच्या बांधावरच उभ्या राहतात. हिराचा बाप औतामागं, आईचा पाय मुरगळलेला. राहिली हिरा. ट्रंक पुन्हा भरली.

मॅडम म्हणाल्या, "तू पेपर दे. लावणीला मी जाते."

मी हसले. "मॅडम, तिथं खुर्च्यांचा गोल नसतो!"

पण मग डोक्यात आलं, ही बाई गेली तर पोरगी जन्मभर तिचीच. मेस शेख सरांवर टाकली आणि त्याच एसटीत चढले.

खाचराच्या बांधावर बायका उभ्याच होत्या. एकीनं विचारलं, "ह्या कोन? घरची बाय कुटं हाय?"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्याआधी मॅडम म्हणाल्या, "मीच घरची," आणि पोटरीभर चिखलात उतरल्या.

उतरल्या आणि बसल्याच! बायका हसून हसून बेजार. पण उठल्या, वाकल्या, ओळ लावली. ओळ कसली, गांडूळ चालल्यासारखी! मी शेजारीच लावत होते. दोरी धरल्यासारखी सरळ.

संध्याकाळी हिराची आई काठी टेकत आली. एक बाई मॅडमची ओळ उपटून नीट करायला निघाली, तर ही ओरडली, "ऱ्हाऊ दे! ती मोडू नगंस. हिराला दावायची हाय."

माझी ओळ सरळ होती. त्यामुळे ती कोणती, ते नंतर मलाही ओळखता आलं नाही.

हिरा पास झाली. कापणी झाल्यावर तिच्या आईनं त्या वाकड्या ओळीचे तांदूळ वेगळे काढले आणि फडक्यात बांधून मॅडमना पाठवले. मॅडम गाठोडं घेऊन थेट माझ्या दारात. "आक्का, मला भात जमत नाही. गिचका होतो."

मी तांदूळ निवडले, धुतले, आधणाला पाणी मोजून घातलं, जवळ उभी राहून वाफ धरली. शीत न् शीत मोकळं. तिघींची पानं वाढली. हिरा या खेपेला माझ्याकडे तोंड करून बसली होती.

तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मॅडम, लई ग्वाड झालाय हो तुमचा भात!"