मिशी ठेवा, नाहीतर मासे बघा

आत्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याखाली बघायचे, नाकही झाकणारे चष्मे खिळ्यांना टांगलेले असतात, तेही नाकांच्या हिशेबाने. डावीकडे बसकी नाकं, मधे साधी, आणि उजवीकडे आमच्या घराण्याची. गिऱ्हाईक वाळूतून येत असतानाच ती त्याच्या तोंडाकडे बघते आणि बरोबर खिळ्याकडे हात नेते. कुणी म्हणालं, "मला जरा मोठा द्या," तर म्हणते, "तुझं तोंड तुला आरशात दिसतं, मला समोर दिसतंय. घाल." मग चष्म्यात थुंकायला लावते, कारण थुंकी फिरवली की काचेवर वाफ धरत नाही. मोठमोठे साहेब आधी लाजतात, मग निमूट थुंकतात.

किनारा तसा आळशी आहे. लाटा लांब पोवळ्याच्या खडकावरच फुटतात, त्यामुळे अलीकडचं पाणी परातीतल्यासारखं निवांत असतं. माणसं येतात, झाडाखाली झोपतात, उठून खातात आणि परत झोपतात. त्यातून ज्यांना हुक्की येते ते तोंडात नळी धरून आत्याबरोबर पाण्यावर पालथे तरंगतात. ती पासष्टीची आहे, पण नवख्याचा हात किनाऱ्यापासून खडकापर्यंत आणि परत येईपर्यंत सोडत नाही. पोवळ्यावर कुणी पाय टेकला, तर मात्र तिच्या तोंडाला तोंड देणं कठीण.

तिचं खरं वैर मिशीशी. चष्म्याची कड ओठावर घट्ट बसावी लागते. मधे केस आले की पाणी आत शिरलंच म्हणून समजा. "मिशी ठेवा, नाहीतर मासे बघा," असं ती तोंडावर सांगते. अगदीच जीव अडकला असेल त्याच्या मिशीला व्हॅसलीन चोपडते.

आणि माझ्या बाबांची मिशी म्हणजे काय विचारता! चाळीस वर्षं दुकानांतले तराजू आणि वजनं तपासण्याची नोकरी केली. बाजारात आधी मिशी दिसायची, मग बाबा. त्या दोन वळलेल्या टोकांना बघून व्यापारी आपणहून वजनं पुसून ठेवत.

आतोबा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. ते जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा बाबा मला घेऊन आत्याला न्यायला आले. "ताई, पुरे झालं आता. या वयात एकटी राहतेस, पडलीस-झडलीस तर? आमच्याकडे खोली रिकामी आहे." तीन दिवस हेच पुराण. चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, "एकदा पाण्याखाली बघ. त्यानंतरही 'चल' म्हणालास, तर बॅग भरते."

तिची खात्री होती. ते बघितल्यावर आपल्याला तिथून हलवावंसं कुणाला वाटेल, हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं.

व्हॅसलीनची डबी बघून बाबा उखडले. "मी काय कुस्तीला चाललोय?" तसेच गेले. तोंड बुडवलं आणि खोकत वर आले. परत बुडवलं, परत वर. तिसऱ्या खेपेला नाकातोंडात पाणी गेलं. डोळे लाल करून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "बघितलं. छान आहे. चल आता."

आत्याने त्यांच्या हातातला चष्मा काढून घेतला. मग म्हणाली, "बरं."

मी भडकले. "आत्या, त्यांनी काहीसुद्धा बघितलेलं नाही!"

"मी बघ म्हणाले होते. त्याने तोंड घातलं. दिलेला शब्द दिला." तिने चष्मे बाळांच्या शाम्पूत धुतले, साड्यांच्या घड्या घातल्या, आतोबांचा फोटो टॉवेलात गुंडाळला. शेजारच्या नावाड्याला बोलावून कुठल्या खिळ्यावर कुठलं नाक ते समजावू लागली. तो बिचारा मान डोलावत होता, पण त्याला ओ की ठो कळत नव्हतं. ते बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

बाबा बाहेरच्या बाकावर बसून हे सगळं बघत होते. माझ्या वडिलांत शंभर खोडी आहेत, पण स्वतः वजन टाकून बघितल्याशिवाय त्यांनी एकाही तराजूवर शिक्का मारला नाही. दुपारी जेवणात लक्ष नव्हतं. संध्याकाळी दोनदा मिशीला पीळ द्यायला हात वर गेला आणि तसाच खाली आला.

सकाळी न्हाणीघराचं दार उघडलं आणि एक अनोळखी गृहस्थ बाहेर आले. नाकाखाली गोरीपान पट्टी. आत्याच्या हातातला चहा हिंदकळला.

"अगं बाई! हा तर आईचा ओठ!" ती हसतही होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

"काल मी खोटं माप दिलं, ताई," बाबा म्हणाले. "चष्मा दे."

उजवीकडच्या खिळ्यावरचा दिला. त्यानंतर तास-दीड तास मला किनाऱ्यावरून नुसत्या दोन पाठी आणि दोन नळ्या दिसत होत्या. एकदाच बाबांनी डोकं वर काढलं, नळी हातात घेऊन "कासव!" असं अख्ख्या किनाऱ्याला ओरडून सांगितलं आणि लगेच परत बुडाले. मला वाटलं, जिंकली आत्या.

बाहेर आले ते ओल्या वाळूतच बसले. आत्याने हात सोडवून घ्यायला बघितला, बाबांनी सोडला नाही.

"मग? आता म्हण 'चल'," आत्या म्हणाली.

 बाबांचा तो उघडा ओठ थरथरला. "तू एकटी आहेस म्हणून नव्हतो आलो गं मी. तिकडे मी एकटा आहे."

मी चार पावलांवर टॉवेल घेऊन उभी होते. मी बाबांच्याच घरात राहते, आम्ही दोघंच. रोज सकाळी गोळी घेतली का, भाजी काय आणू, असं सगळं विचारते.

आत्याने माझ्याकडे मुद्दामच बघितलं नाही. "वेड्या, मग हे आल्या दिवशीच बोलायचं होतंस. उगाच समुद्र प्यालास," ती म्हणाली. "पावसाळ्यात इथे काळं कुत्रं फिरकत नाही. ते चार महिने मी तुझ्याकडे. बाकी वर्षभर मन लागेनासं झालं की तू इकडे ये."

बाबांनी लहान मुलासारखी मान हलवली. मी जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर टॉवेल टाकला.  बाबांनी सरकून मला बसायला जागा दिली.