तात्यांच्या अंगणात कोण आलं होतं?

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. मी इंजिनं खोलणारा माणूस. बिघाड असला की कारण सापडतंच... या एका गोष्टीचं मात्र सापडलेलं नाही.

१९९४-९५ ची गोष्ट. इंदापुरात ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये कामाला होतो. बावड्याच्या रस्त्याला तात्यांच्या घरामागं भाड्याची खोली. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. पण आडनाव 'कर'वालं, बोलणं मराठी, म्हणून नाव शालोम असूनही मी सगळीकडं शाम सांगून टाकलं होतं. "ज्यू म्हंजी काय?" हे कोण समजावत बसणार – आणि खरं सांगायचं तर, खोली जाईल ही भीती.

त्या वर्षी योम किप्पूरला आई माझ्याकडं आली. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा कडक उपास, आदल्या दिवशी सूर्य मावळला की लागणारा. आमचे जुने लोक दार लावून दिवसभर प्रार्थना करायचे. त्या दिवशी गेलेली माणसं घरी येतात, असं आई म्हणायची. मी हसायचो.

उपासाच्या सकाळी तात्या अंगणात दिसले. "आईला ताप आलाय, दार लावून ठेवतो," मी म्हणालो. तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

दाराआड आईनं ते ऐकलं होतं. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे उपासानंतरचा भेटीगाठींचा दिवस. आईनं पुऱ्यांचं ताट देऊन मला तात्यांकडं पाठवलं.

"वडील परत गावाला गेलं का?" तात्यांनी विचारलं.

"कोण?"

"तुमचं वडील. परवा दिवस मावळताना आलं हुतं. अंगभर पांढरी कापडं. च्या ठिवतो म्हणलं, तर न्हाय म्हणलं, उपास लागला. हात जोडून म्हणलं, आमी इस्रायली लोक, उद्या आमचं दार बंद असतंय. माझ्या शालोमचं काय चुकलं असलं तर माफी करा."

वडील वारून पाच वर्षं झाली होती. आई तात्यांशी अजून बोललीच नव्हती. आणि शालोम हे नाव इंदापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे मी खोटं बोलत होतो, तेव्हा तात्यांना सगळं माहीत होतं. इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"काल बोलला का नाहीत?" मी कसंबसं विचारलं.

"आदल्या दिशीच माफी मागून गेलं की ते. मग काय बोलायचं?"

अंगणात कोण आलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. जी माफी मी मागायची, ती बाबांना येऊन मागावी लागली, हे मात्र अजून आत टोचतं.

मी तसाच उभा होतो. तात्यांनीच माझ्या हातातलं ताट घेतलं. म्हणाले, "बसा की, शालोमराव."