राजकन्या आणि अस्वल

फिनेलचा वास आला की मला इंदिरानगरमधली आमची पुढची खोली आठवते. माझ्या थोरल्या बहिणीची केमो चालू होती, ताईला बाहेर जायला बंदी होती आणि आई सारखी फरशी पुसत असायची. मामाने ताईसाठी कॉम्प्युटर गेमची सीडी आणली होती, परीकथेच्या एका कार्टून सिनेमावरून केलेली. तो गेम दोघांनी मिळूनच खेळायचा. राजकन्या आणि अस्वल आपापल्या दगडावर उभे राहिले तरच पुढचं दार उघडायचं. ताई राजकन्या, मी अस्वल. एका दुपारी ताईची बोटं इतकी सुजली की तिला बटण दाबवेना. आई ओले हात पदराला पुसत आली. “सरक, मी दाबते. तू नुसतं सांग.” आईची राजकन्या सारखी नदीत पडायची आणि ताई हसून हसून दमायची. शेवटी दार उघडलं तेव्हा आई म्हणाली, “मला नाही बाई जमत. तू बरी हो आणि तूच खेळ.” ताई शांतपणे म्हणाली, “शिकून घे गं आई. हिला एकटीला नाही खेळता येणार.” दिवाळीआधी ताई गेली. तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी आईने आपणहून खुर्ची ओढली आणि मला विचारलं, “उडीचं बटण कुठलं गं?” आम्ही दोघी अगदी शेवटच्या दारापर्यंत पोचलो. ते उघडलं तर आत राजकन्येचं लग्न लागत होतं. मी टाळ्या वाजवल्या, आणि आई ते न बघताच उठून आत गेली. तेव्हा मला तिचा फार राग आला होता. आता माझी मुलगी ताईच्या तेव्हाच्या वयाची झाली आहे.