ओच्यातलं वजन

माझ्या आयने मला फसवलं ते ठण्ण असा आवाज करून. इतक्या खणखणीतपणे फसवली गेलेली लेक आमच्या नंदाखालमध्ये दुसरी नसेल.

आधी खटला समजावून सांगते. आय एकटी राहते, केळीच्या वाडीला लागून असलेल्या आमच्या घरात. भाऊ विरारला, तिसऱ्या मजल्यावर. मी लग्न होऊन उमेळ्याला; रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की स्कूटर काढून तिच्याकडे हजर. भावाचं म्हणणं, आय खचलीय, मी तिला घेऊन जातो. आयचं म्हणणं, मी या घरातून निघेन ती आडवीच. आणि मी आयची वकील. काय भाषणं ठोकली मी! "आय खचली? अरे, तुझी अख्खी सोसायटी खचेल, ती नाही!" नाताळच्या नाटकात मी कायम खाष्ट सासू, त्यामुळे आवाजाला तोटा नाही.

शेवटी तह झाला. भावाच्या ओळखीची एक डॉक्टरीण, म्हाताऱ्या माणसांचंच बघणारी, घरी येऊन आयला तपासेल आणि ती म्हणेल ते आम्ही ऐकू. आयनेही मान डोलावली. जरा जास्तच पटकन डोलावली, पण ते मला नंतर सुचलं.

आयची आणि माझी जोडी जुनी. कोण प्रवचनात पेंगत होतं, कोण नवी साडी दाखवायला मुद्दाम पुढच्या बाकावर बसलं होतं, याच्या नकला आम्ही दोघी चुलीपुढे करत असू. तिची कुठलीही लबाडी आधी मला कळायची, आणि निम्म्या लबाड्यांत मी भागीदार असायचे.

डॉक्टरीण आली. पडवीत वजनकाटा मांडला. आय त्यावर उभी राहिली, अगदी फोटोला राहावं तशी.

"गेल्या वर्षीएवढंच आहे की," भाऊ पुटपुटला. मी त्याच्याकडे बघून भुवई उडवली.

"आजी, हल्ली कपडे सैल होतात का?"

"लुगड्याला काय सैल नि काय घट्ट, बाय? आपण जेवढे, तेवढं ते. तुमच्या त्या ड्रेसचं होत असेल तसं."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तांबडं चौकड्यांचं लुगडं आता गावात मोजक्याच म्हाताऱ्या नेसतात, आणि माझी आय त्यातली राणी. आज निऱ्या जरा जास्त दिसत होत्या. मी म्हटलं, पाहुणी आलीय म्हणून ऐट!

मग हाताचा जोर मोजायला मुठीत दाबायचं यंत्र. दाबताना ते आयच्या मुठीतून निसटलं. "हात ओला आहे, आत्ताच मासळी धुतली," ती म्हणाली. घरात मासळीचा वास नव्हता. पण वकील काही अशिलाचे हात हुंगत नाही.

"आता हात छातीवर ठेवा आणि कशाचाही आधार न घेता खुर्चीतून उठा."

आयचा डावा हात मघापासून ओच्यावर होता. ओचा म्हणजे लुगड्याचा पोटाशी खोचलेला घोळ. बाजारात भाजी विकायची तेव्हा तिचं सगळं दुकान त्यात मावायचं.

"हा हात इथेच बरा आहे."

"नाही आजी, छातीवर."

आयने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, शहाणी, ओरडले, "दाखव ना आय! एकदाचं दाखवच यांना!"

तिने हात छातीवर नेले. ती अर्धी उठली, आणि ठण्ण! लादीवर लोखंडी वजन आपटलं. मागोमाग दुसरं. तिच्या भाजीच्या तराजूची वजनं! जन्मभर कुणाला मापात फसवलं नाही म्हणून मिरवलेली बाई, आणि फसवलं ते स्वतःच्या मापात. आय मटकन खाली बसली. मी सवयीने हसले, मग कुणीच हसत नाही हे लक्षात आलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण धावत आली, ब्लाउज शिवणारी, माझी बालमैत्रीण.

"परत पडली का गं आय?"

परत.

एका शब्दात माझी सगळी वकिली आडवी. आय विहिरीपाशी पडली होती, मोरीत पडली होती. मैत्रिणीने आयचे सैल झालेले ब्लाउज शिवण मारून आत घेतले होते. "मला वाटलं तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आय म्हणाली, लेकीला सांगितलंय."

डॉक्टरणीने पुन्हा वजन केलं. भावाने आकडा बघून तोंड फिरवलं. ती म्हणाली, हा एखादा आजार नव्हे. घर बाहेरून भरलेलं दिसतं आणि आतली भाताची कणगी रिकामी होत जाते, तसं आहे हे. मग साधा ताप किंवा साधं घसरणंही माणसाला अंथरुणाला खिळवतं. पण कणगी थोडीफार भरता येते. रोज अंडं, मासळी, डाळ, उठाबशांचा सराव, सोबतीला एक बाई. नवख्या घरात, तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं तर पाय आणखी जातील. पाऊस उतरल्यावर पुन्हा वजन करून बघू.

म्हणजे आय तूर्त राहिली. खटला जिंकलो म्हणायचं.

सगळे गेल्यावर मी तिला विचारलं, "आय, मला तरी सांगायचंस! मी खोटं बोलले असते तुझ्यासाठी."

"तू? नाटकात बोलतेस ते वेगळं. घरात तुझं तोंड लगेच सांगतं." तिने वजनं पदराने पुसली. "तुला खरं वाटत होतं म्हणूनच ते ऐकत होते."

म्हणजे मी वकीलही नव्हते आणि भागीदारही नव्हते. तिच्या नाटकातला रंगवलेला पडदा होते, मागे खरं झाड आहे असं वाटायला लावणारा.

पाऊस उतरला. आय अंडं खाते, नाक मुरडून. पडवीत खांबाला धरून उठाबशा काढते, आणि सोबतीच्या बाईला माझी नक्कल करून दाखवते, असं कळलं. परवा वजन केलं तर काटा थोडा पुढे सरकला होता. भाऊ फोनवर "वा वा" करत होता. मी नाचायला हवं होतं.

त्याऐवजी माझा हात तिच्या ओच्याकडे गेला. मी चाचपून पाहिलं. आय दोन्ही हात वर करून, वाडीकडे बघत, माझं होईपर्यंत उभी राहिली.