खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

आई आयर्लंडला यावी म्हणून मी कोंबड्या पाळल्या. ॲडम्सटाउनमधल्या आमच्या घरामागे सतरंजीएवढी हिरवळ आहे. तिथे तीन कोंबड्या आणि एक लाकडी खुराडं. शेजारीण म्हणाली, ‘ग्रँड! फक्त कोंबडा नको हं.’ मग पोत्यांनी दाणा आला, पेंढा आला, खुराड्याला आतून जाड अस्तर लागलं, आणि रोज सकाळी गोठलेल्या भांड्यावर ओतायला कोमट पाण्याची किटली. एवढं करून नोव्हेंबरपासून एक अंडं नाही! इथे हिवाळ्यात उजेडच इतका कमी, की कोंबड्या अंडी घालायचं थांबवतात. नवरा म्हणायचा, दुकानात अंडी मिळतात बरं का. मला अंडी नको होती, आई हवी होती.

चिपळूणजवळच्या घरी, जिथे आता ती माझ्या भावाकडे राहते, तिने जन्मभर कोंबड्या पाळल्या. फेब्रुवारीत ती दोन महिन्यांसाठी आली. स्वेटरवर माझं जॅकेट चढवून खुराड्यापाशी बसायची. दिवस मोठे झाले, अंडी सुरू झाली, आणि नेमकी तिच्या परतीच्या आठवड्यात एक कोंबडी खुडूक झाली, खोप्यातून हलेना. आईने तिच्याखाली सहा अंडी सारली आणि भावाला फोन लावला.

‘कोंबडी उबवायला बसवलीय रे. एकवीस दिवस तरी मला यायला जमायचं नाही.’

भाऊ वैतागला, पण त्याने तिकीट पुढे ढकललं.

कोंबडा नसताना त्या अंड्यांतून काय निघणार? मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले. संध्याकाळी घरी आल्यावर दार आई उघडत होती, ते मला सोडवेना. म्हाताऱ्या बाईला खोट्या आशेवर ठेवलंय याची लाजही वाटायची.

एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि मला रडूच फुटलं. ‘आई, यांतून पिल्लं निघणार नाहीत गं.’

‘कोंबडा नाही, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं.’

‘मग बसवलीस कशाला?’

‘तुझ्या भावाला कुठे ठाऊक आहे ते?’ कोंबडीखाली हात घालून ती अंडी काढू लागली. ‘मला राहायचं होतं. आणि तू काही थांब म्हणाली नाहीस.’