पाकिटावरचा पत्ता

मधुसूदन पौनीकर उमरेडच्या विणकराच्या घरचा. हातमाग सोडून त्यानं सीताबर्डीच्या एका गल्लीत फोटो स्टुडिओ टाकला. नोकरीच्या अर्जाला लागणारे फोटो काढायचे, नाव-पत्ता लिहिलेल्या पाकिटात निगेटिव्ह जपायच्या, हे त्याचं काम. पाकीट दोनदा वाचल्याशिवाय तो कुणाच्या हाती फोटो देत नसे.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात एका सांजदैनिकाचा बातमीदार भर दुपारी घाईनं आत शिरला. दवाखान्यातून तान्हं मूल पळवल्याच्या संशयावरून पोलिसांनी शामला मेश्राम नावाच्या बाईला धरलं होतं.

"तिचा फोटो असंल तुमच्याकडे. लवकर पाहा गा, दोन वाजता पान मशीनवर जाते."

पाकीट सापडलं. नाव तेच, पत्ता मात्र शहराबाहेरच्या कोराडी वसाहतीचा.

"बाई राहते कुठं?"

"इथंच शहरात. काहून? फोटोखाली तुमच्या स्टुडिओचं नाव टाकतो ना."

मधुसूदननं फोटो दिला आणि पत्त्याचं पाकीट खणात सारलं. संध्याकाळी त्यानं पेपराच्या चार प्रती घेतल्या. एक शेजारच्या शिंप्याला दाखवलीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी शामलाचा भाऊ रवींद्र आला. त्यानं पेपर काउंटरवर ठेवला. "ही माझी बहीण हाय. कोराडीले बालवाडी चालवते. पोलिसांनी धरली ते दुसरीच."

दैनिकानं सिनेमाच्या जाहिरातींखाली दोन ओळींची दुरुस्ती छापली. रविवार उलटताच मधुसूदन बसनं कोराडीला गेला. बालवाडीत सव्वीसातली चारच मुलं बसली होती.

"पाकिटावर पत्ता नव्हता का, भाऊ?" शामलानं विचारलं.

"होता."

"वाचला नाही?"

"वाचला. पेपरात आपलं नाव येते म्हणून..."

ती रडली नाही. चप्पल घालून म्हणाली, "चला. हे घरोघरी सांगा."

दोघं क्वार्टरामागून क्वार्टर फिरले. चूक माझी, बाईचा काही संबंध नाही, असं तो प्रत्येक दारात सांगत गेला. कुणी पाणी दिलं, कुणी नुसती मान हलवली. गोपिकाबाई नावाच्या एका आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी म्हणता ते खरं असंल. पण पेपरात आलं म्हणजे काहीतरी असंलच ना?" तिच्या फळीवर डब्यांखाली तोच पेपर अंथरला होता. शामलानं तो पाहिला. मधुसूदननंही पाहिला.

त्या फेरीनं सात मुलं परत आली. अकरा मुलांवर बालवाडी चालेना, जूनमध्ये ती बंद पडली. शामला कन्हानला मावशीकडे गेली, शिवणकाम करू लागली.

मधुसूदननं तिला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असं त्यालाही कधी वाटलं नाही.